तेराशे बारा शेवट

१

पुस्तक हातात आलं की मी आधी त्याचं शेवटचं पान बघते. जवळा बाजारच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून वीस वर्षं काढल्यावर अशी एखादी खोड लागतेच. वाचक पुस्तक परत करतो तेव्हा वरून सगळं ठीक दिसतं. आत हळदीची बोटं, मधे खुणेला घातलेली अगरबत्तीची काडी आणि मागची दोन पानं गायब. रहस्यकथांचं तर विचारूच नका. खुनी कोण हे पहिल्याच पानावर पेनानं लिहून ठेवणारे तीन सभासद मला नावानिशी माहीत आहेत. त्यांच्याशी मी गरजेपुरतंच बोलते.

मे महिन्याच्या सुरुवातीला पुजाचा फोन आला. पुजा म्हणजे भावसिंग आडे गुरुजींची मुलगी, नांदेडला दिलेली. गुरुजी मागच्या दिवाळीत वारले. सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडे त्यांचा तांडा आहे, तिथल्या घरात आता पुजाची आई रूपाबाई एकटीच राहते.

"मॅडम, बाबांची पुस्तकं वाचनालयाला घेऊन जा," पुजा म्हणाली. "तेराशेच्या वर आहेत. सगळी खुनाची न् दरोड्याची. ती खोली रिकामी झाली की आईला मी इकडे आणते. एक जूनला घराला कुलूप लावायचं ठरवलंय."

वाचनालय सकाळी आणि संध्याकाळी उघडं असतं. मधल्या वेळात, अकरा ते चार, मी स्कूटीवर तांड्यावर जायचं ठरवलं. उन्हातान्हात का जातेस, म्हणून घरच्यांनी ऐकवलं. पण तेराशे पुस्तकं एकदम मिळायचा योग माझ्या नोकरीत पुन्हा येणार नव्हता.

घर तांड्याच्या टोकाला, स्लॅबचं. पुढे ओटा, ओट्यावर नवारीची बाज, मग उंबरा, आत पुस्तकांची खोली आणि तिच्या मागे स्वयंपाकघर. चारी भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी मांडण्या. प्रत्येक पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर, पाठीवर लाल शाईनं आकडा. एक ते तेराशे बारा, मधला एकही गाळलेला नाही. असा एखादा सभासद मला मिळाला असता तर मी त्याची वर्गणी पदरची भरली असती.

मी दाखल रजिस्टर उघडलं, उंबऱ्याकडे तोंड करून सतरंजीवर बसले आणि पहिलं पुस्तक घेतलं. शेवटचं पान नव्हतं. फाटलेलं नाही, पट्टी लावून ब्लेडनं कापलेलं, शिलाईपाशी बोटाच्या पेराएवढी किनार तेवढी ठेवलेली. दुसरं बघितलं. तिसरं. मग उठून मधली, वरची, कोपऱ्यातली चाळीसेक पुस्तकं काढली. एकालाही शेवट नव्हता.

रजिस्टरमध्ये शेऱ्याचा रकाना असतो. त्यात 'अपूर्ण' लिहिलं की पुस्तक दाखल होत नाही. तेराशे बारा वेळा 'अपूर्ण' लिहायचं की घरी जायचं, याचा विचार करत मी बराच वेळ बसले.

२

"मावशी, ही पानं कुणी कापली?"

रूपामावशी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. सत्तरीच्या, काटक, दोन्ही दंडांवर गोंदण. त्यांनी मान वर केली नाही.

"जुन्यांची त्यांनी. नव्यांची मी."

मग त्यांनी सांगितलं. प्रेमदास, त्यांचा मुलगा, डी.एड. करून घरी बसलेला. तेवीस वर्षांचा. दोन हजार चौदा साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 'औंढ्याला जाऊन येतो' म्हणून मोटरसायकलवर गेला, तो आलाच नाही. पोलिसांनी दोन महिने शोधला. गुरुजींनी त्यानंतर तीन वर्षं शोधला. नांदेड, पुणे, सुरत. मग एके दिवशी ब्लेड आणि पट्टी घेऊन ते या खोलीत बसले आणि त्यांनी आपल्या एकेका पुस्तकाचं शेवटचं पान काढलं.

"म्हणले, आपल्या लेकराचा शेवट आपल्याला ठावा न्हाई, तवर दुसऱ्या कुणाचा वाचायचा न्हाई."

मला ते लगेच समजलं. आमच्याकडे कुणी चप्पल सोडतं, कुणी दूध सोडतं. माझ्या मामेसासऱ्यांनी मुलगा नोकरीला लागेपर्यंत चहा सोडला होता आणि सहा वर्षं सगळ्या घराचं डोकं खाल्लं होतं. गुरुजींनी शेवट सोडले.

"पण वाचायचं सुटलं न्हाई," मावशी म्हणाल्या. "नवं पुस्तक आलं की आधी माझ्या हातात द्यायचे. त्यांची नजर पडू नये म्हणून मी कापायची. मला कुठं वाचता येतंय. पान दुमडून पाकिटात घालायची, मग पाकिटावर ते नंबर टाकायचे."

स्वयंपाकघरात पत्र्याच्या दोन पेट्या होत्या. खाकी पाकिटं आकड्यांप्रमाणे लावून सुतळीनं बांधलेली. तेराशे बारा. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथं बोलून गेले.

"मग काम सोपं आहे. एकेक पान परत चिकटवलं की पुस्तक पूर्ण. रोज साठ झाली तरी महिन्याच्या आत उरकेल."

त्या तांदळाचं ताट मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या.

"त्यांचा नेम व्हता, बाई."

"माणूस गेला की त्याचा नेमही सुटतो, मावशी."

"सुटतो?" त्यांनी विचार केला. "आन् नेम सुटला की ज्याच्यासाठी धरला ते मिळतंय का?"

म्हाताऱ्या माणसाला आपण काय म्हणतो? मनात पुस्तकं होती, घड्याळात एक वाजला होता. मी म्हटलं, "मिळतं की."

३

मैद्याची खळ मी घरूनच शिजवून नेत असे. तिच्यात चिमूटभर मोरचूद घातलं की कसर लागत नाही. पाकीट उघडायचं, पान काढायचं, किनारीला खळ लावायची, पान बसवायचं, बोटानं दाबायचं. पुस्तक गठ्ठ्यावर ठेवायचं, गठ्ठ्यावर पाटा. शेऱ्याच्या रकान्यात काहीच लिहायचं नाही. हे काम मला मनापासून आवडतं आणि पहिल्या दिवशी मी अठ्ठावन्न शेवट लावले.

दुसऱ्या दिवशी पाटा उचलला तर पुस्तकं ओली होती.

मे महिन्यात आमच्याकडे ओला टॉवेल दोरीवर टाकून माणूस घरात वळेपर्यंत वाळतो. ओठ फुटतात, दारं आक्रसतात. खळ लावलेली पुस्तकं वीस तासांनंतर ओली राहायला काही कारण नव्हतं. मी म्हटलं, खळ पातळ झाली असेल. त्या दिवशी घट्ट केली. तीही पुस्तकं सकाळी ओली. मग मी नीट बघितलं. शिलाईपाशी, जिथं खळ होती, तिथं पान कोरडं ठणठणीत होतं. ओल खालून चढली होती, पुस्तकाच्या तळापासून चार बोटं वर, सगळ्यांना सारखी.

आणि वास होता. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं हटलं की काठाला जो गाळ उघडा पडतो, त्याचा.

मी पुस्तकं ओट्यावर उन्हात मांडली. तासाभरात कडक वाळली. आत आणून ठेवली, दुसऱ्या दिवशी पुन्हा ओली. फरशीला हात लावून बघितला, मांडणी भिंतीपासून ओढून बघितली. जमीन कोरडी, भिंत कोरडी. ज्या पुस्तकांना अजून शेवट लावले नव्हते ती शेजारच्याच फळीवर खडखडीत होती. एक ओलं पुस्तक मी पर्समध्ये घालून घरी नेलं. घरी ते जेवण होईपर्यंत वाळलं आणि पुन्हा ओलं झालं नाही.

मी भुताखेतांची पुस्तकं लोकांना देते, स्वतः मानत नाही. धरण जवळ आहे, जमिनीत ओल असणार, जुना कागद पाणी ओढतो, असं मी स्वतःला सांगितलं. बाकीचे कागद का ओढत नाहीत, हे मी स्वतःला विचारलं नाही.

४

सहाव्या दिवशी, दुपारी एकच्या सुमाराला, मोटरसायकलचा आवाज आला.

त्या वेळी तांड्यावर चिटपाखरू नसतं. कामावर गेलेले कामावर, घरातले पंख्याखाली आडवे. आवाज धरणाच्या रस्त्यानं आला, वळणावरच्या निंबापाशी थांबला. कुणी उतरलं असेल म्हणून मी खळीची वाटी ढवळत राहिले. मग खडीवरून चाकं सरकल्याचा आवाज आला. इंजिन बंद, नुसती चाकं. थोडी सरकली आणि थांबली.

मी उठून ओट्यावर गेले. रस्ता उन्हानं पांढरा पडला होता. निंबापर्यंत एकही माणूस नाही, एकही गाडी नाही.

मागं वळले तर रूपामावशी उंबऱ्यात उभ्या होत्या, हाताला पीठ तसंच.

"ऐकलं तुमी?"

"कुणीतरी वळलं असेल, मावशी."

"तो तिथंच बंद करायचा," त्या म्हणाल्या. "निंबापाशी. दुपारी त्याचे बाबा झोपलेले असायचे न्हवं. तिथनं गाडी ढकलत आणायचा."

त्या माझ्यापाशी आल्या, लावून झालेल्या गठ्ठ्याकडे बघितलं, मग फळ्यांकडे.

"किती ऱ्हायली, बाई?"

"हजारावर आहेत अजून."

त्या दिवसापासून मी गाडी लावायच्या आधी तो प्रश्न येऊ लागला. किती ऱ्हायली? मी आकडा सांगायची. त्या आत जायच्या आणि भाकरी थापायला लागायच्या. ताटं तीन काढायच्या. एक माझं, एक त्यांचं, आणि एक झाकून ठेवलेलं.

५

मी शिकलेली बाई आहे, म्हणून परीक्षा घ्यायचं ठरवलं. दहाव्या दिवशी मी एकही पान लावलं नाही. नुसती नोंद केली. नाव, लेखक, प्रकाशक, पानं. एक वाजला, दोन वाजले, चार वाजले. काही ऐकू आलं नाही. मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटली.

अकराव्या दिवशी मी पुन्हा लावायला घेतली. विसावं पान दाबलं तेव्हा निंबापाशी इंजिन बंद झालं. त्यानंतर मी जेवढी पानं लावली तेवढी चाकं पुढं आली. मी थांबले की थांबत. मी मुद्दाम हात आवरून दहा मिनिटं बसले. बाहेर खडीवर कुणीतरी गाडी तोलून धरून तेवढी दहा मिनिटं उभं होतं. मी पुढचं पान दाबलं. चाक सरकलं.

त्या दिवशी मी तीन वाजताच निघाले. निंबापाशी आल्यावर मी स्कूटी हळू केली. तिथं सावलीशिवाय काही नव्हतं. जमिनीवर चाकाची ओली रेघ होती आणि ती घराकडे गेलेली होती.

घरी आल्यावर पुजाला फोन लावला. खरं तर सांगायचं होतं की हे काम मी सोडते. तीच आधी बोलली.

"मॅडम, आईला काय झालंय? फोनवर गाणं म्हणत होती काल. दादा गेल्यापासून मी तिचं गाणं ऐकलं नाही. मी म्हटलं, एक तारखेला येतेस ना? तर म्हणते, प्रेमदास आला की दोघं येऊ."

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? अकरा वर्षं झाली, मॅडम. मला माहीत आहे तो नाही. बाबांनाही माहीत होतं. आईला कोण सांगणार?"

मी काम सोडते असं काही मी म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी अकराला मी तांड्यावर होते. मावशींनी केसांना तेल लावलं होतं आणि ओट्यावरच्या बाजेवर नवी चादर घातली होती, घडीच्या खुणा अजून तशाच असलेली. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मोडायची माझी छाती झाली नाही. मी भेकड आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

"किती ऱ्हायली?"

"सातशे."

"मग हात उचला की, बाई. मी बी लावते."

आणि त्या माझ्याशेजारी बसल्या. आकडे त्यांना ओळखता येत होते. पाकिटावरचा आणि पुस्तकावरचा आकडा बोटानं जुळवायच्या आणि पान असं बसवायच्या की मला पुन्हा हात लावावा लागू नये. शेवटी कापणाऱ्याही त्याच होत्या.

६

बाविसाव्या दिवशी अठरा पुस्तकं उरली होती. मी सावकाश काम करत होते. मावशी सावकाश करत नव्हत्या.

मागच्या आठवड्यात गाडी अंगणात आली होती. स्टँड लावल्याचा खट्ट आवाज आम्ही दोघींनी ऐकला होता. मग पावलं, ओल्या चपलेत पाणी असलं की जसा आवाज येतो तशी. ओट्याच्या पहिल्या पायरीपर्यंत, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या. मावशी प्रत्येक वेळी बाहेर जायच्या, हसऱ्या चेहऱ्यानं परत यायच्या आणि पुढचं पाकीट उघडायच्या.

त्या दुपारी त्यांनी तेराशे चौथं पान दाबलं आणि बाज करकरली.

मी सतरंजीवर, उंबऱ्याकडे तोंड करून बसलेली. बाज मला समोर दिसत होती. तिच्यावर कुणी नव्हतं. चादर मधोमध खाली गेली, नवार ताणली, बाजेचे पाय फरशीवर किंचित सरकले. मग ती तशीच राहिली. खाली गेलेली. चादरीचा रंग तिथून गडद व्हायला लागला आणि कडेनं थेंब पडायला लागले. एक पडे, बराच वेळ जाई, मग दुसरा.

माझं डोकं कारणं शोधत होतं. नवार जुनी आहे. मांजर असेल. कुठलं मांजर, हे मी स्वतःला विचारलं तेव्हा मांजर नव्हतं हे मी मान्य केलं.

"बसला," मावशी हळूच म्हणाल्या. "दमला असंल." मग त्या बाजेकडे बघून त्यांच्या बोलीत काहीतरी बोलल्या, जेवायला बोलवावं तशा सुरात. उत्तर आलं नाही. त्या वाट बघत राहिल्या. प्रेमदास त्यांना याडी म्हणायचा, त्यांच्यात आईला तसंच म्हणतात. तो शब्द ऐकायला त्या पुढं झुकून बसल्या होत्या.

"मावशी, आज राहू द्या," मी म्हटलं.

"काहून?"

"तो... जे आलंय ते तोच आहे का, हे आपल्याला कुठं माहीत आहे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. कीवच होती थोडी.

"मी त्याची आई हाय, बाई. कसा का आला ना, आला तर."

७

तेविसाव्या दिवशी दोन पुस्तकं उरली होती. तेराशे अकरावं पान मी लावलं. मावशी शेजारी बसून माझ्या हाताकडे बघत होत्या, म्हणून लावलं. बोट उचललं आणि बाहेर हॉर्न वाजला.

खराच हॉर्न. तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख, मोहनसिंग मोटरसायकलवरून उतरत होते. दिवसाढवळ्या हाडामांसाचा माणूस बघून मला रडू यायचं बाकी होतं. ते बाजेला वळसा घालून आले, बाज ओली का आहे हे त्यांनी विचारलं नाही.

"रूपाबाई, धरणावर चला," ते म्हणाले. "यंदा पाणी लईच खाली गेलं. भोयांच्या पोरांना गाळात गाडी सापडली. लाल हाय. हँडलला कवड्या बांधलेल्या हायत, तारेनं."

मावशी उभ्या राहिल्या. "मीच बांधल्या व्हत्या."

"म्हणून तर आलो."

"आन् माणूस?"

"नुसती गाडी हाय. पोलिस गाळ उपसून राहिले."

त्यांनी पदर खोचला, चपला घातल्या. उंबऱ्यावरून मागं वळल्या. "एकच ऱ्हायलं न्हवं? मी येते तवर लावून टाका." आणि मोहनसिंगांच्या मागं बसून गेल्या.

मी एकटी उरले. समोर तेराशे बारा नंबरचं पुस्तक, त्याच्यावर पाकीट. मी पाकीट उघडलं नाही. एकच गोष्ट मला स्पष्ट दिसत होती. तेराशे अकरावर गाडी निघाली. तेराशे बारावर काय निघेल हे सांगायला ग्रंथपाल लागत नाही. आत्ता मी पान लावलं तर त्या बाईला धरणाच्या काठावर उभं करून जे निघेल ते दाखवतील. आणि इथं, या दारातून, काहीतरी आत येईल आणि ती त्याला जेवायला वाढेल.

बाज करकरली. नवार वर आली. ओट्यावर पावलं वाजली, दोन.

मी वर बघितलं. दाराच्या चौकटीवर बाहेरून चार बोटं टेकली होती. तरुण माणसाच्या खांद्याच्या उंचीवर. पांढरी, सुरकुतलेली, दिवसभर धुणं धुतल्यावर आपली होतात तशी, पण फार जास्त. नखं नव्हती. बाकी काही दिसत नव्हतं. दिसायला हवं होतं. चौकट अरुंद आहे, बोटांच्या मागं हात, हाताच्या मागं माणूस दिसायलाच हवा. बोटं हलत नव्हती. वाचनालयात काउंटरवर हात टेकून कुणी पुस्तकासाठी थांबतं, तशी ती थांबली होती.

मी पाकीट ब्लाउजमध्ये खुपसलं. वीस वर्षं लोकांना पान फाडल्याबद्दल बोलणारी मी, दुसऱ्या एका पुस्तकाच्या मागचं जाहिरातीचं पान ब्लेडनं कापलं आणि तेराशे बाराच्या किनारीला चिकटवलं. खळ माझ्या साडीवर सांडली. पान दाबलं. बोटं तशीच राहिली. त्यांच्याखाली पाणी साचलं, उंबऱ्यापर्यंत आलं. उंबऱ्याच्या आत एक थेंब आला नाही.

दोन तास मी हलले नाही. मावशी आल्या तेव्हाच बोटं गेली, का त्यांच्या अंगाआड झाली, सांगता येत नाही.

त्यांचा चेहरा बघून मला वाटलं रडल्या असतील. रडल्या नव्हत्या.

"गाडीच हाय त्याची," त्या म्हणाल्या. "तो न्हाई. समदा गाळ उपसला, न्हाई. म्हंजे निघाला व्हता तो बाहेर. मी म्हणतच व्हते." त्यांनी तेराशे बारा उचललं, शेवटच्या पानाच्या किनारीवरून अंगठा फिरवला. "सगळी लागली?"

"लागली, मावशी."

८

पुस्तकं टेम्पोतून वाचनालयात आली. ती आता कोरडी आहेत. रजिस्टरमध्ये तेराशे बारा नोंदी आहेत आणि शेऱ्याचा रकाना कोरा आहे. लोक नेतात, वाचतात, परत आणतात. तेराशे बारा मी कुणाला देत नाही. पाकीट काउंटरच्या ड्रॉवरमध्ये आहे, किल्ली माझ्याकडे. ते मी अजून उघडलेलं नाही, जाळलेलंही नाही.

एक जूनला पुजा गाडी घेऊन आली होती. मावशी गेल्या नाहीत. पोलिसांनी आठवडाभरानं शोध थांबवला. पाऊस झाला, धरणात पाणी चढलं. पुजा मला फोनवर म्हणाली, मॅडम, गाडी सापडल्यावर तरी आईला कळेल असं वाटलं होतं, आता तर ती जास्तच वाट बघत बसलीय. मी हं म्हटलं.

बाजाराच्या दिवशी रूपामावशी वाचनालयात येतात. पिशवी पायाशी ठेवून काउंटरच्या समोरच्या बाकावर बसतात. पहिले काही आठवडे त्या आनंदात होत्या. हल्ली वाळल्या आहेत. परवा आल्या, पाणी प्यायल्या, आणि बराच वेळ फळ्यांवरच्या खाकी पाठी बघत राहिल्या.

"बाई, तुमी सगळी लावली न्हवं?"

"लावली, मावशी."

"बराबर मोजून?"

"मोजून."

"मग तो उंबऱ्यापाशीच काहून थांबून राहिला?" त्यांनी मलाच विचारलं, कारण विचारायला दुसरं कुणी नव्हतं. "मी म्हणते, ये बाबा, आत ये. न्हाईच येत. पावसात उभा ऱ्हातो, उन्हात उभा ऱ्हातो. लेकराला किती तकलीफ व्हत असंल."

माझा हात ड्रॉवरवर होता. तो मी काढून मांडीवर घेतला.

"येईल, मावशी," मी म्हटलं, आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.